पाणी आहे, तरी भूक का? विकसनशील देशांचं न जुळणारं गणित

कोरडवाहू (धागाकर्ता)

'पाणी नाही म्हणून अन्न नाही' हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की त्यात तपासून बघण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही. माझ्या मते ते अर्धवट खरं आहे. उरलेल्या अर्ध्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा. (आगाऊ विनंती: ऊस हा विषय कृपया इथे नको. त्यावर धागे ढिगाने आहेत आणि सगळ्यांचा शेवट एकाच भांडणात होतो.)

सुरुवात झांबियापासून करतो. झांबेझी, काफुए, लुआंग्वा या नद्या, उत्तरेला बांगवेउलूसारखी सरोवरं आणि दलदली. दरडोई वर्षाला पाच हजार घनमीटरच्या आसपास पाणी. स्वीडनच्या जलतज्ज्ञ मालिन फाल्केनमार्क यांनी १९८९ मध्ये एक मोजपट्टी मांडली होती: दरडोई १,७०० घनमीटरच्या खाली गेलं की ताण, १,००० च्या खाली गेलं की टंचाई. या मोजपट्टीवर झांबिया गडगंज श्रीमंत. आणि याच देशाने २९ फेब्रुवारी २०२४ ला दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केली. मक्याच्या २२ लाख हेक्टरांपैकी १० लाख हेक्टर हातचे गेले, असं अध्यक्ष हिचिलेमांनी तेव्हा सांगितलं.

झालं काय, तर एल निनोच्या वर्षात ऐन जानेवारी-फेब्रुवारीत पावसाने दडी मारली आणि तेव्हा मका तुऱ्यावर होता. हा टप्पा जेमतेम दोन आठवड्यांचा. वर तुऱ्यातून पराग झडतो, खाली कणसातून रेशमी केसरं बाहेर येतात, आणि एकेका केसराला पराग चिकटला तरच एकेक दाणा भरतो. जमिनीत ओल नसली की तुरा ठरल्या वेळी येतो, केसरं मात्र रेंगाळतात. ती बाहेर येईपर्यंत पराग उडून गेलेला असतो. लांबून रान हिरवं दिसतं, कणीस सोलून बघावं तर इकडेतिकडे चार दाणे. त्यानंतर कितीही बरसला तरी काय उपयोग?

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि मक्याचं उत्पादन १५ लाख टनांवरून ३६ लाख टनांच्या वर गेलं. मधल्या काळात कुणी कालवे खणले नव्हते. झांबियात सिंचनाखाली आणता येण्याजोगी जमीन २७ लाख हेक्टरांहून जास्त मानतात. प्रत्यक्ष सिंचन त्यातल्या दहाव्या हिश्शावरही होत नाही.

आता जॉर्डन बघा. दरडोई पाणी शंभर घनमीटरच्याही खाली. घरात आठवड्यातून एखाद दिवस नळ येतो. गहू जवळजवळ सगळा बाहेरून आणतात. पण जानेवारीचा पाऊस चुकला म्हणून मार्चमध्ये गावंच्या गावं एका जेवणावर आली, असं तिथे होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की देशात पाणी एकूण किती आहे याचा भुकेशी संबंध फार सैल आहे. पिकाच्या त्या नाजूक पंधरवड्यात मुळाशी पाणी पोचवायची सोय आहे का, आणि पीक गेलंच तर बाहेरून धान्य आणायची ऐपत आहे का, यावर भूक ठरते. झांबियाकडे दोन्ही तोकडं होतं.

दुसरी गोष्ट ओलीची. नद्या, धरणं, विहिरींतून जगात जेवढं पाणी उचललं जातं त्यातलं ७० टक्के शेतीला जातं, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण पिकं पितात त्यातलं बहुतेक पाणी कुणी उचलतच नाही. पाऊस पडतो, जागेवर मुरतो, पीक तो ओढून घेतं. जगातली सुमारे ८० टक्के शेतजमीन अशी कोरडवाहू आहे आणि ६० टक्के अन्न तिच्यातून येतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत तर ९५ टक्के शेती पावसावर. फाल्केनमार्कबाई या ओलीला 'हिरवं पाणी' म्हणायच्या आणि नदी-भूजलाला 'निळं'. सरकारं आणि कर्ज देणाऱ्या बँका निळ्याच्या मागे धावतात, कारण धरणाचं उद्घाटन करता येतं.

हिरव्या पाण्याचं काम कसं असतं ते बुर्किना फासोत बघायला मिळतं. तिथल्या याकुबा सावाडोगो नावाच्या शेतकऱ्याने ऐंशीच्या दशकात जुनी 'झाय' पद्धत सुधारून वापरली. उन्हाळ्यात, जमीन पापुद्रा धरून दगडासारखी झालेली असताना, वीत-दीड वीत रुंद आणि वीतभर खोल असे खड्डे रांगेने खणायचे. प्रत्येकात ओंजळभर शेणखत आणि पालापाचोळा. त्या वासाने वाळवी येते, खालची माती पोखरून भुसभुशीत करते. मग पहिला पाऊस वाहून न जाता खड्ड्यात थांबतो आणि वाळवीच्या बिळांतून आत उतरतो. त्यातच ज्वारी किंवा बाजरी टोकायची. नुसत्या सपाट रानात जिथे पेरलेलं बी उगवतही नव्हतं तिथे धान्य यायला लागलं. गावाने त्यांना आधी वेड्यात काढलं, त्यांनी वाढवलेलं रान पेटवूनही दिलं. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, २०२३ च्या डिसेंबरात ते गेले. यात मेख एकच: एक हेक्टर खणायला काही शे तासांची अंगमेहनत लागते. ज्या घरातले तरणे हात शहरात गेले आहेत तिथे झाय कोण खणणार?

मतं येऊ द्या.

---

दुपारचा_चहा

वाचनखूण साठवली. ऊस लिहायला हात शिवशिवले होते, आवरले. :)

---

हिशेबनीस

चांगला धागा. जॉर्डनचं जे लिहिलंत त्यात थोडी भर. लंडनचे प्राध्यापक टोनी अ‍ॅलन यांना हाच प्रश्न पडला होता, की पश्चिम आशियातलं पाणी सत्तरच्या दशकातच स्वतःचं अन्न पिकवायला अपुरं पडायला लागलं, मग पाण्यावरून युद्धं का झाली नाहीत? उत्तर बंदरावर सापडलं. धान्याच्या प्रत्येक जहाजातून ते पिकवायला लागलेलं पाणीच येत होतं. 'आभासी पाणी' ही त्यांची कल्पना, तिच्यासाठी २००८ चं स्टॉकहोम जल पारितोषिक मिळालं.

इजिप्तचा हिशेब करून बघू. वर्षाला सव्वा कोटी टनांच्या आगेमागे गहू आयात होतो, १.२ कोटी धरू. एक किलो गव्हाला जागतिक सरासरीने १,८०० लिटर पाणी. गुणाकार केला की २१-२२ अब्ज घनमीटर होतात. १९५९ च्या करारात इजिप्तच्या वाट्याला नाइलचं पाणी आलं ५५.५ अब्ज घनमीटर. म्हणजे नाइलच्या वाट्याच्या चाळीस टक्क्यांएवढं पाणी जहाजाने येतंय, कुठलंही धरण न बांधता. शिवाय रशियात तो गहू पावसावर पिकलेला, इजिप्तमध्ये त्याला नदीचंच पाणी द्यावं लागलं असतं. जगाच्या पातळीवर हा सौदा फायद्याचाच.

---

उंटावरचा_शहाणा

हिशेबनीस साहेब, कागदावर झकास. मग गरीब देशांनी धान्य पिकवायच्या भानगडीत पडूच नये, संत्री-द्राक्षं विकावीत आणि गहू आणावा, असंच ना? इजिप्त तेच करतो, संत्र्यांच्या निर्यातीत जगात पहिल्या एक-दोघांत आहे. आणि २०२२ मध्ये काय झालं ते पाहिलंच आपण.

---

हिशेबनीस

@उंटावरचा_शहाणा, तो टोला मान्य. इजिप्तच्या गहू-आयातीपैकी साधारण ८० टक्के रशिया आणि युक्रेनमधून यायचा. युद्ध सुरू झालं, गहू कडाडला, पाठोपाठ इजिप्तचा पौंड कोसळला, म्हणजे मार दोन्हीकडून. सहा कोटींहून जास्त लोकांना सरकारी अनुदानाची रोटी मिळते. तिचा भाव तीन दशकांहून जास्त काळ ५ पियास्त्र (पियास्त्र म्हणजे पौंडाचा शंभरावा भाग) होता, तो जून २०२४ मध्ये २० झाला. १९७७ च्या जानेवारीत तेव्हाचे अध्यक्ष सादात यांनी अनुदान काढायचा प्रयत्न केला तेव्हा देश पेटला होता आणि त्यांना निर्णय मागे घ्यावा लागला होता. तेव्हापासून तिथलं प्रत्येक सरकार त्या रोटीला बिचकून आहे.

निर्यात करणाऱ्यांचीही खात्री नसते. भारताने जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठवली. जगाच्या तांदूळ-व्यापारातला सुमारे ४० टक्के वाटा ज्याच्याकडे, त्याने दार लावलं की सेनेगल, बेनिनसारख्या गिऱ्हाइकांनी जायचं कुठे?

पण उलट टोकही बघा. सौदी अरेबियाने स्वावलंबनाच्या हट्टाने वाळवंटात गहू पिकवला. अनुदानं ओतली, हजारो वर्षांपूर्वी साठलेलं, पुन्हा न भरणारं भूजल उपसलं. नव्वदच्या सुरुवातीला वर्षाला ४० लाख टनांपर्यंत मजल मारली आणि गहू चक्क निर्यात केला! २००८ मध्ये हा खेळ आवरता घ्यायचं ठरलं, २०१६ पर्यंत सरकारी खरेदी थांबली. पुढे मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली म्हणा. त्यांच्याकडे तेल होतं म्हणून पचलं. येमेनकडे तेलही बेताचं, आणि पाण्याचा मोठा हिस्सा 'कात' नावाच्या चघळायच्या पानांना जातो. गहू नव्वद टक्के बाहेरचा.

---

मृद्गंध

घरच्यांच्या नोकरीमुळे २०२४ मध्ये आम्ही झांबियाच्या राजधानीत, लुसाकात होतो, त्यामुळे हा धागा वाचताना राहवलं नाही. कोरडवाहूंनी शेतातलं लिहिलं ते बरोबर, पण शहरात दुष्काळ आमच्यापर्यंत विजेच्या तारेतून आला.

झांबियाची ८० टक्क्यांहून जास्त वीज पाण्यावर. करिबा धरणाची पातळी तळाला गेली आणि सप्टेंबरपर्यंत दिवसाचे वीस-वीस तास वीज नसायची. आता याचा खाण्याशी संबंध बघा. तिथे लोक मक्याचं पीठ खातात, नशिमा. वस्तीत दळण दळायला हॅमर मिल असते, विजेवर चालणारी. वीज रात्री दोनला आली तर बायका रात्री दोनला डोक्यावर डबा घेऊन रांगेत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई सकाळी डोळे तारवटून यायच्या, कारण विचारायची गरजच नसायची. बोअरवेलचा पंपही त्याच विजेवर, म्हणजे पाणी जमिनीखाली आहे पण वर येत नाही. स्वयंपाक कोळशावर, कोळशासाठी आणखी झाडं तुटणार.

म्हणजे मका महाग, दळण महाग, शिजवणं महाग. धान्य किती टन पिकलं हा एकच आकडा बघितला तर यातलं काही दिसत नाही.

---

कोरडवाहू

मृद्गंध ताई, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा सरस आहे. वीज-पाणी-अन्न हा त्रिकोण मी वाचून मांडला असता, तुम्ही तो रांगेत उभा केलात.

---

रानभूल

इतकं गुंतागुंतीचं कशाला करताय मंडळी? ठिबक करा. मोकाट पाण्यात निम्मं पाणी वाया जातं, ठिबकने तेच पाणी दुप्पट रानाला पुरतं. सगळ्या विकसनशील देशांत शंभर टक्के अनुदानाने ठिबक बसवलं की प्रश्न मिटला.

---

नीलमोहर

@रानभूल, 'दुप्पट रानाला पुरतं' यातच तर गोम आहे! दुप्पट रान भिजवलं तर वाचलं काय?

मोरोक्कोने अगदी तुम्ही म्हणता तेच केलं. २००८ पासूनच्या हरित मोरोक्को योजनेत ठिबकला ८० ते १०० टक्के अनुदान होतं. शेतकऱ्याने काय केलं? जे कुणीही शहाणा माणूस करेल तेच. वाचलेल्या पाण्यावर आणखी जमीन भिजवली, धान्य सोडून जास्त पैसा देणाऱ्या, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांकडे गेला. दक्षिणेतल्या झागोराभोवती वाळवंटाच्या तोंडाशी कलिंगडं पिकायला लागली. २०१७ मध्ये त्याच झागोरात लोक प्यायच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरले.

आणि 'वाया जातं' म्हणजे जातं कुठे? मोकाट पाण्यातलं जे झिरपतं ते बऱ्याच ठिकाणी खालच्या विहिरीत किंवा ओढ्यात उतरतं, ते शेजाऱ्याचं पाणी असतं. ठिबक आल्यावर ते झिरपणं थांबतं, पिकाच्या पानांतून उडून जाणारं पाणी मात्र तेवढंच राहतं किंवा वाढतं. एका शेतापुरती बचत दिसते, खोऱ्याचा हिशेब केला तर उपसा वाढलेला. २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अभ्यासकांच्या एका गटाने हे नीट मांडलं होतं: सिंचनाची कार्यक्षमता वाढवली म्हणून खोऱ्यात पाणी उरतं असं सहसा होत नाही, उपशावर मर्यादा घातली तरच होतं.

ठिबक वाईट नाही. उत्पादन वाढतं, खत वाचतं, मजुरी वाचते. पाणी वाचवण्याच्या नावाखाली ते विकू नये एवढंच. सौरपंपाचंही तेच, एकदा बसला की पुढचा प्रत्येक लिटर फुकट. मग मोटार बंद करायचं कारणच उरत नाही.

---

रानभूल

शेजाऱ्याच्या विहिरीचा मुद्दा पटला. पण मर्यादा घालणार कोण? लाखो बोअर, प्रत्येकावर मीटर? निवडणुका असतात ओ.

---

नीलमोहर

खरं आहे, म्हणून तर कुणी करत नाही. पंजाबने २००९ मध्ये वेगळी वाट काढली. भात लावायची तारीख कायद्याने पुढे ढकलली, म्हणजे कडक उन्हातला उपसा टळेल. मोजायची गरज नाही, रान लांबूनच दिसतं. पण लावणी पुढे गेली तशी काढणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीला दिवस कमी उरले, आणि भाताचा पेंढा जाळायची घाई वाढली. दिल्लीच्या नोव्हेंबरातल्या धुरात त्याचाही वाटा आहे असं बरेच अभ्यासक सांगतात.

उपसा म्हणजे पाप असंही नाही बरं का. बांगलादेशात कोरड्या हंगामातला बोरो भात लाखो उथळ नलिकाकूपांवर उभा राहिला, आणि तांदळाच्या बाबतीत देश त्यानेच तरला. २०२२ च्या एका अभ्यासात तिथल्या ४६५ निरीक्षण-विहिरींच्या नोंदी तपासल्या. उन्हाळ्यात उपसा केल्यामुळे खाली जागा रिकामी होते, पावसाळ्यात पुराचं वाहून जाणारं पाणी त्या जागेत उतरतं. १९८८ ते २०१८ या काळात असं जास्तीचं मुरलेलं पाणी ७५ ते ९० घनकिलोमीटर भरलं, चीनच्या थ्री गॉर्जेस धरणाच्या साठ्याच्या जवळजवळ दुप्पट! अर्थात हे जिथे धो धो पाऊस आणि वाळूमिश्र गाळाची जमीन आहे तिथेच. त्याच देशात वायव्येकडे, बरिंद पट्ट्यात, पाऊस कमी आणि वर चिकणमातीचा जाड थर. तिथे पातळी खाली चालली आहे.

---

पथ्यपाणी

चर्चा छान चालली आहे, पण सगळे पिकवण्याबद्दलच बोलताय. बांगलादेशचे तेच नलिकाकूप नव्वदच्या दशकात आर्सेनिकमुळे गाजले, हे कुणी लिहिलं नाही. तेच पाणी भाताला गेलं की थोडं आर्सेनिक दाण्यातही उतरतं.

१९९६ च्या जागतिक अन्न शिखर परिषदेपासून अन्नसुरक्षेत चार गोष्टी धरतात: धान्य उपलब्ध असणं, ते परवडणं, शरीराने ते वापरणं आणि हे सगळं वर्षभर टिकणं. तिसऱ्या गोष्टीवर पाण्याची सावली सगळ्यात गडद. मूल महिन्यातले आठ दिवस जुलाबाने आजारी असेल तर त्याच्या पोटात गेलेल्या अन्नातलं अंगाला किती लागणार? आतड्याची शोषून घेणारी अस्तरंच सुजलेली असतात.

मात्र 'स्वच्छ पाणी दिलं की मुलं उंच होतील' इतकं सोपंही निघालं नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत मोठ्या चाचण्या झाल्या, निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले. पाण्यात क्लोरीन, सुधारित संडास, हात धुण्याची सोय. बांगलादेशात जुलाब कमी झाले, पण उंचीवाढीत तीनही देशांत फरक पडला नाही. पूरक आहाराने थोडा पडला. माझ्या वाचनात याचं पटणारं स्पष्टीकरण असं की अंगणात कोंबड्या, उघडं गटार, दूषित माती असताना हंड्यात क्लोरीनचे दोन थेंब टाकून मुलाच्या तोंडात जाणारे जंतू पुरेसे कमी होत नाहीत. घरापर्यंत नळ आणि नळाबरोबर गटाराची पक्की सोय, हे महाग काम टाळून स्वस्तातला उपाय शोधला आणि तो पुरला नाही.

---

दुपारचा_चहा

आणि मासे? सगळे धान्य-धान्य करताय. कंबोडियात लोकांना मिळणाऱ्या प्राणिज प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त मासळीतून येतात, त्यातली खूपशी तोन्ले साप सरोवरातली. तिथली नदी वर्षातून एकदा उलटी वाहते! पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की पाणी उलट सरोवरात शिरतं आणि सरोवर पाच-सहा पट पसरतं. बुडालेल्या जंगलात माशांची पिल्लं वाढतात, पाणी ओसरलं की मासे नदीत येतात. वरच्या अंगाला चीन आणि लाओसमध्ये धरणं झाली, त्यात कोरडी वर्षं आली की पूर उशिरा येतो, कमी टिकतो. २०१९-२० मध्ये असंच झालं होतं. धरणाच्या अहवालात सिंचनाखालचे हेक्टर असतात, न जन्मलेले मासे कोण मोजतंय?

---

उंटावरचा_शहाणा

चहावाले, आज फॉर्मात आहात.

बरं, धरणाचा विषय निघालाच आहे तर: इथिओपियाच्या महाधरणाने तिथली भूक मिटेल का? २०११ ला काम सुरू, सप्टेंबर २०२५ ला उद्घाटन, ७४ अब्ज घनमीटर साठा. इजिप्तमधल्या अस्वानला पोचणाऱ्या नाइलच्या पाण्यापैकी ८५ टक्के इथिओपियाच्या डोंगरांतून येतं, तरी १९५९ च्या करारात इजिप्त आणि सुदाननी ते पाणी आपसात वाटून घेतलं, इथिओपियाला विचारलंसुद्धा नाही. माझी सहानुभूती कुणाकडे आहे ते कळलं असेलच.

---

कोरडवाहू

सहानुभूती माझीही तिकडेच आहे. पण ते धरण सिंचनाचं नाही, ५,१५० मेगावॉट विजेचं आहे. नकाशा उघडून जागा बघा. निळी नाइल इथिओपिया सोडून सुदानात शिरते त्याच्या अगदी तोंडाशी. इथिओपियाचे शेतकरी वर उंचावरच्या पठारावर, पाणी खाली दरीत, सीमेला लागून. त्यातला थेंबही तिग्राई किंवा वोल्लोच्या शेतात जाणार नाही. वीज विकून परकी चलन येईल, त्यातून धान्य-खत येऊ शकेल, लहान पंप चालू शकतील. एवढाच संबंध, आणि तोही लांबच्या वळणाने. पठारावरची भूक घालवायची तर बांधबंदिस्ती, छोटे साठे, ओल धरून ठेवणं हेच करावं लागेल, आणि तिग्राईत ते काम गावोगाव झालेलंही आहे.

नियमित प्रवाहाचा शेतीला सरळ फायदा झालाच तर सुदानला होईल, आणि तिथे माझं म्हणणं आणखी स्पष्ट दिसतं. निळ्या आणि पांढऱ्या नाइलच्या मधल्या गेझिरात १९२५ पासून सेन्नार धरणाचं पाणी खेळतंय, सुमारे ९ लाख हेक्टर. उतार असा की पंपाशिवाय पाणी जातं. छोट्या चाऱ्यांची रचनाही हुशारीची: रात्री शेतात पाणी घ्यायचं नाही, चारीतच तुंबवायचं आणि दिवसा सोडायचं. ब्रिटिशांनी हे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळावा म्हणून बांधलं, नंतर ज्वारी आणि गहूही आला. एवढी मोठी सोय आफ्रिकेत फार थोड्या ठिकाणी आहे. एप्रिल २०२३ मध्ये युद्ध सुरू झालं, डिसेंबरात लढाई गेझिरात पोचली. बियाणं, डिझेल, मजूर, सगळंच थांबलं. ऑगस्ट २०२४ मध्ये दार्फुरमधल्या झमझम छावणीत दुर्भिक्ष असल्यावर आंतरराष्ट्रीय समितीने शिक्कामोर्तब केलं. नाइल त्या वर्षीही वाहतच होती.

---

हिशेबनीस

+१. दुर्भिक्षात बाजारात धान्य असूनही लोक मरतात, कारण ते मिळवायचा मार्ग त्यांच्या हातातून गेलेला असतो, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं. पाण्यालाही तेच लागू करायला हरकत नाही.

---

मृद्गंध

सेन बरोबरच आहेत, पण कोरडवाहू काकांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. सोय म्हणजे प्रत्येक वेळी सरकारने केलेलीच, असा सूर लागतोय. झांबियात, मलावीत, झिंबाब्वेत 'डांबो' असतात, उथळ खोलगट पाणथळ जागा. पावसाळ्यात तिथे चिखल, पण बाकी माळ करपलेला असतानाही हात-दोन हात खणलं की पाणी लागतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहराबाहेर गेलो तेव्हा मक्याची रानं नुसती ताटं झालेली, आणि डांबोत मात्र भाजीचे हिरवे वाफे. बायका खड्ड्यातून बादलीने पाणी काढून वाफ्यावर शिंपडत होत्या. मक्याची भरपाई त्यातून होत नाही, पण टोमॅटो आणि पाला विकून एक पिशवी पीठ येतं, तेही नेमक्या उपासमारीच्या महिन्यांत.

यावर कुठल्या अहवालात चार ओळी सापडल्या तर नशीब. उलट झिंबाब्वेत वसाहतीच्या काळात जमिनीची धूप होते म्हणून पाणथळीत शेती करायला कायद्यानेच बंदी होती.

---

कोरडवाहू

ताई, हे फार महत्त्वाचं. एक शंका: तिथे पंप आले तर? डांबो चर खणून किंवा उपसून कोरडा पाडला की खालच्या ओढ्याचं उन्हाळी पाणीही जातं, असं वाचलं आहे.

---

मृद्गंध

हो, भीती तीच आहे. आम्ही गेलो तिथे एकाने सौरपंप लावला होता आणि त्याच्या खालच्या अंगाच्या दोघींना खड्डा आणखी खोल करावा लागला होता. गावप्रमुखापुढे ते भांडण गेलं, निवाडा असा झाला की पंप सकाळीच चालवायचा आणि दुपारनंतर बंद. पाळतात का, माहीत नाही, आम्ही डिसेंबरात परत आलो. पण मीटर नसलेल्या ठिकाणी मर्यादा कोण घालणार, हे रानभूल विचारत होते ना, त्यांच्यासाठी लिहिलं.